धूर कोणाच्या नावावर?

नाताळच्या सुट्टीत आखातातून घरी आलेल्या एका मामाने आपल्या भाच्यासाठी बूट आणले. मिस्साला निघण्यापूर्वी भाचा ते पुनःपुन्हा न्याहाळत होता. बुटाच्या जिभेच्या आत एक लहानशी पट्टी शिवलेली होती. तिच्यावर लिहिले होते, 'मेड इन व्हिएतनाम'. "मामा, तू तर कुवेतहून आलास. मग बूट व्हिएतनामचे कसे?" मुलाने विचारले. घरातली मंडळी हसली आणि सगळे चर्चकडे निघाले.

प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बूट शिवले व्हिएतनाममध्ये, कंपनी तिसऱ्याच देशाची, विकले कुवेतमध्ये आणि घातले आपल्या धर्मग्रामातील एका मुलाने. हे बूट बनवताना कारखान्यात वीज लागली, त्या विजेसाठी कुठेतरी कोळसा जळला. त्या धुराचा हिशेब कोणाच्या वहीत लिहायचा? जगात आज जी पद्धत आहे तिच्यानुसार धूर जिथे निघाला त्या देशाच्या खात्यावर तो मांडला जातो. म्हणजे बूट शिवण्याचा धूर व्हिएतनामच्या नावावर. बुटाचे कापड किंवा रबर चीनमधून आले असेल तर तेवढा धूर चीनच्या नावावर. ज्याने नफा कमावला त्याची वही स्वच्छ आणि ज्याने बूट घातले त्याचीही वही स्वच्छ!

हा केवळ हिशेबनिसांचा प्रश्न आहे, की आपल्या सदसद्विवेकबुद्धीचाही आहे? या रविवारी आपण त्यावर थोडा विचार करू या.

गरिबीतून वर येणारा देश

प्रथम व्हिएतनामची बाजू समजून घेऊ. युद्धाने हा देश होरपळून निघाला होता. १९७५ साली युद्ध संपले, पण हाल संपले नाहीत. तांदूळ पिकवणाऱ्या देशातच तांदूळ रेशनवर मिळत असे. अखेर डिसेंबर १९८६ मध्ये तेथील कम्युनिस्ट पक्षाने 'दोई मोई' म्हणजे नूतनीकरणाचे धोरण स्वीकारले. पुढच्याच वर्षी परकीय गुंतवणुकीचा कायदा झाला. १९९४ मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठवली आणि २००७ च्या जानेवारीत व्हिएतनाम जागतिक व्यापार संघटनेचा सभासद झाला. जपान, कोरिया, तैवान, सिंगापूर अशा देशांतून भांडवल येऊ लागले. आज त्या देशाच्या निर्यातीपैकी सुमारे ७० टक्के निर्यात परकीय भांडवलाच्या कंपन्या करतात.

याचे फळ काय मिळाले? १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्या देशातील निम्म्याहून अधिक लोक दारिद्र्यात होते. आज ते प्रमाण अगदी थोडे उरले आहे. ज्या खेड्यांत कंदील होते तिथे दिवे आले. मुली शाळेत गेल्या, कारखान्यात लागल्या आणि महिन्याच्या पगारातून आईवडिलांना पैसे पाठवू लागल्या. घरच्या कर्त्या मुलीने पाठवलेला पहिला पगार काय असतो, हे आखातात आणि बोटीवर माणसे पाठवणाऱ्या आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. तेव्हा 'विकास नको, धूर नको' असे सुखवस्तू माणसाने दुसऱ्याला सांगणे हा उद्धटपणाच ठरेल.

पण नाण्याची दुसरी बाजूही आहे. १९९० साली व्हिएतनाममध्ये माणशी एक टनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच कार्बन वायू बाहेर पडत असे. आज तो साडेतीन टनांच्या आसपास आहे. म्हणजे एका पिढीत सुमारे दहा पटींची वाढ. जवळजवळ निम्मी वीज कोळशातून येते आणि स्वतःचा कोळसा पुरत नाही म्हणून इंडोनेशिया व ऑस्ट्रेलियातून मागवावा लागतो. गरिबी उतरली आणि धूर चढला. दोन्ही गोष्टी एकाच चुलीवर शिजल्या.

टेकडी चढून उतरायची?

अर्थशास्त्रज्ञांमध्ये यावर एक मत प्रचलित आहे. सायमन कुझनेट्स या अर्थतज्ज्ञाने १९५५ साली असे सुचवले होते, की देश श्रीमंत होऊ लागला की आधी विषमता वाढते आणि पुढे ती कमी होते. १९९१ मध्ये ग्रॉसमन आणि क्रुगर या दोघांनी साधारण तसाच आकार प्रदूषणाच्या बाबतीत दाखवला. देश गरीब असतो तेव्हा धूर कमी, वाढू लागला की धूर वाढतो आणि पुरेसा श्रीमंत झाला की लोक स्वच्छ हवा मागू लागतात, कायदे होतात, धूर कमी होतो. जणू एक टेकडी. चढायची आणि पलीकडे उतरायची.

हे मत दिलासा देणारे आहे. काही बाबतींत ते खरेही ठरले. गंधकाचा धूर, नदीतली घाण या गोष्टी अनेक श्रीमंत देशांनी आटोक्यात आणल्या. मात्र कार्बनच्या बाबतीत ही टेकडी तितक्या सहजासहजी उतरली जात नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. गंधकाच्या धुराने ज्याच्या गावात कारखाना आहे त्याचेच डोळे चुरचुरतात, त्याचेच मूल खोकते. म्हणून तो ओरडतो. कार्बन वायूला रंग नाही, वास नाही. तो डोळ्यांत जात नाही. त्याचा त्रास ज्याला होतो तो दूर कुठेतरी असतो, किंवा अजून जन्मालाच आलेला नसतो. जो ओरडू शकेल तो जवळ नाही आणि जो जवळ आहे त्याला ओरडण्याचे कारण नाही!

परकीय गुंतवणुकीविषयीही अशीच दोन मते आहेत. एक म्हणते, कडक कायदे असलेल्या देशांतून घाणेरडे उद्योग सैल कायद्यांच्या देशांत आश्रय घेतात. दुसरे म्हणते, बाहेरच्या कंपन्या आपल्यासोबत चांगली यंत्रे आणि चांगल्या सवयी घेऊन येतात. खरे कोणते? व्हिएतनामकडे पाहिले तर दोन्ही खरी आहेत.

मासळी की पोलाद?

व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर हा तिन्ह नावाचा प्रांत आहे. तिथल्या वुंग आंग या ठिकाणी तैवानच्या फॉर्मोसा समूहाने दहा अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचा पोलाद कारखाना उभारला. एप्रिल २०१६ मध्ये, कारखाना पूर्ण सुरू होण्यापूर्वीच, त्याचे विषारी सांडपाणी समुद्रात गेले. चार प्रांतांच्या सुमारे २०० किलोमीटर किनाऱ्यावर मेलेल्या मासळीचा खच पडला. कोळ्यांच्या होड्या किनाऱ्याला लागल्या त्या लागल्याच. त्या वेळी कंपनीचा एक प्रतिनिधी वार्ताहरांना म्हणाला, की मासळी हवी की पोलाद, यांतले एक तुम्हाला निवडावे लागेल. लोक संतापले. कंपनीला माफी मागावी लागली. ३० जून २०१६ रोजी कंपनीने आपली जबाबदारी मान्य केली आणि ५० कोटी डॉलर नुकसानभरपाई देण्याचे कबूल केले.

आपल्याला हे सांगण्याचे आणखी एक कारण आहे. त्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये कॅथलिक लोक मोठ्या संख्येने आहेत. विन्ह धर्मप्रांतातील धर्मग्रामांतून हजारो माणसे शांततेने रस्त्यावर उतरली. त्यांचे बिशप आणि धर्मगुरू त्यांच्या पाठीशी उभे राहिले. काही कार्यकर्त्यांना तुरुंगवासही घडला. हरित वसईसाठी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर ज्यांनी मोर्चे काढले, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना ही कहाणी परकी वाटणार नाही.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सांडपाण्याचे विष दिसले. मेलेला मासा हातात धरून दाखवता आला. म्हणून तीन महिन्यांच्या आत जबाब द्यावा लागला. हाच कारखाना कोळशाच्या भट्ट्यांवर चालतो. २०१७ साली भट्टी पेटली, तेव्हापासून तिच्यातून जो कार्बन वायू निघतो आहे त्याबद्दल कोणी मोर्चा काढला? कोणी भरपाई मागितली? तो वायू उद्या ज्याच्या शेतात खारे पाणी आणील, ज्याच्या घरावरचे छप्पर वादळाने उडवील, त्याच्या हातात दाखवायला मेलेला मासा नाही.

याच वुंग आंगमध्ये कोळशावर चालणारी वीज केंद्रेही आहेत. त्यांपैकी दुसऱ्या केंद्राला, म्हणजे १,२०० मेगावॅटच्या प्रकल्पाला, जपान व कोरियातून भांडवल मिळाले. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या पंतप्रधानांनी जाहीर केले, की २०५० पर्यंत आपला देश कार्बनमुक्त होईल. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जपानच्या सरकारी बँकेने या कोळसा प्रकल्पाच्या कर्जावर सही केली. स्वतःच्या अंगणात झाडू आणि शेजाऱ्याच्या अंगणात चूल! कोळसा केंद्र एकदा उभे राहिले की तीस-चाळीस वर्षे चालवावे लागते, नाहीतर कर्ज फिटत नाही. म्हणजे एका सहीने पुढच्या पिढीचेही हात बांधले जातात. पुढे २०२१ मध्ये कोरिया, जपान आणि चीन यांनी परदेशातील नव्या कोळसा केंद्रांना पैसा न देण्याचे एकामागून एक जाहीर केले, ही समाधानाची गोष्ट. पण तोवर बरेच बॉयलर बसले होते.

दुसरे चित्रही सांगायला हवे, नाहीतर ते अन्यायाचे होईल. २०१७ साली व्हिएतनाम सरकारने सौर विजेला चांगला दर बांधून दिला. देशी-विदेशी भांडवल धावले. जिथे सौर वीज जवळजवळ नव्हतीच, तिथे २०२० च्या अखेरीस सुमारे १६ हजार मेगावॅट क्षमता उभी राहिली. तीन-साडेतीन वर्षांत! पैसा तोच, देश तोच. फक्त सरकारने दार कोणत्या बाजूचे उघडले यावर सारे ठरले. अर्थात अडचणी आल्या. वीज वाहून नेणाऱ्या तारा पुरेशा नव्हत्या, कित्येकदा तयार वीज घेता आली नाही. मे-जून २०२३ मध्ये दुष्काळामुळे धरणे आटली, उत्तरेत वीज तुटली, परकीय कारखानेही बंद ठेवावे लागले. मग सरकार पुन्हा कोळशाकडे वळले. चांगल्या हेतूची वाटही सरळ नसते, हे यातून शिकावे.

जक्कयने कर्ज दिले नाही

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा भार कोणी उचलायचा?

आजवर मानवाने जेवढा कार्बन वायू हवेत सोडला त्यात एकट्या अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे. व्हिएतनामचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी २०१६ आणि २०२० मध्ये मेकाँग नदीच्या मुखाकडील भातशेतीत समुद्राचे खारे पाणी घुसले ते व्हिएतनामी शेतकऱ्याच्या. सप्टेंबर २०२४ मध्ये 'यागी' वादळात तीनशेहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली तीही तिथलीच. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात श्रीमंत देशांवर गरीब देशांचे पर्यावरणीय ऋण आहे, असे स्पष्ट शब्दांत म्हटले ते यासाठीच. त्याही आधी, १९६७ साली, पोप सहावे पॉल यांनी शिकवले होते की विकास म्हणजे निव्वळ आर्थिक वाढ नव्हे. तो साऱ्या माणसांचा आणि संपूर्ण माणसाचा असायला हवा.

ऋण आहे तर ते फेडायचे कसे? नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो परिषदेत व्हिएतनामने २०५० पर्यंत कार्बनमुक्त होण्याचा शब्द दिला. डिसेंबर २०२२ मध्ये श्रीमंत देशांनी त्याला साडेपंधरा अब्ज डॉलर उभे करून देण्याचे ठरवले. रक्कम मोठी दिसते. पण तिच्यातील फारच थोडा भाग अनुदानाचा आहे, बाकीचे बहुतेक कर्ज आणि गुंतवणूक.

इथे आपल्याला शुभवर्तमानातील जक्कयची आठवण होते. प्रभू येशू घरी आला तेव्हा तो जकातदार उभा राहून म्हणाला, की मी माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत करतो. त्याने कोणाला व्याजाने पैसे देऊ केले नाहीत! ज्याचे घेतले आहे त्याला परत देणे आणि गरजूला कर्ज देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला न्याय म्हणतात. दुसरीला व्यवहार म्हणतात, आणि फारफार तर सौजन्य.

मात्र याचा अर्थ व्हिएतनामला किंवा भारताला मोकळे रान मिळाले, असा नव्हे. 'त्यांनी केले, आता आमची पाळी' हा युक्तिवाद आपल्या घरात चालत नाही. मोठ्या भावाने दारू पिऊन घर बुडवले, म्हणून धाकट्याला तो हक्क मिळत नाही. हक्क मिळतो तो घर सावरण्यासाठी मदत मागण्याचा. गरिबाला दिवा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तो दिवा ज्या वाऱ्याने आणि उन्हाने पेटू शकतो, ती वाट उपलब्ध असताना केवळ कोणाचा तरी जुना बॉयलर खपावा म्हणून त्याच्या गळ्यात कोळसा बांधणे हे पाप आहे. आणि कमिशनपोटी तो बांधून घेणे हेही पापच आहे.

सरासरीच्या आडोशाला

आणि आपण? आपण या कहाणीत कुठे उभे आहोत?

सोयीचे उत्तर असे, की आपण गरीब देशाचे नागरिक आहोत. भारतात माणशी सुमारे दोन टन कार्बन वायू निघतो, अमेरिकेत सुमारे चौदा टन. तेव्हा दोष त्यांचा. हे खोटे नाही. आपल्या सरकारने जगाच्या व्यासपीठावर ते ठणकावून सांगावे. पण हे दोन टन ही सरासरी आहे. आपल्याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याचा आदिवासी, ज्याच्या घरी पंखाही नाही, त्याला या सरासरीत धरलेले आहे. आणि दोन खोल्यांना दोन वातानुकूलन यंत्रे, दारात मोटार, वर्षाकाठी विमानप्रवास करणारे कुटुंबही त्याच सरासरीत धरलेले आहे. अमेरिकेने आपल्याला बोल लावला की आपण त्या आदिवासीला पुढे करतो आणि त्याच्या पाठीमागे लपतो. तो घरी गेला की आपण यंत्राचे बटन दाबतो. जो न्याय आपण देशादेशांत मागतो तो घराघरांत लागू करायला आपण तयार आहोत काय?

श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांची गोष्ट आपण अनेकदा ऐकली आहे. त्या श्रीमंताने लाजरला मारले किंवा हाकलले असे शुभवर्तमानात कुठेही म्हटलेले नाही. लाजर दारातच होता आणि त्याला तो दिसला नाही, एवढाच त्याचा अपराध. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही कबुली देतो. ज्याला रंग नाही, वास नाही, अशा या धुराचे पाप बहुधा त्याच रकान्यात मोडते.

आमच्या या लिखाणाने कोणी नोकरी सोडावी किंवा पंखा बंद करून घामाघूम बसावे, असे आमचे म्हणणे नाही. आपली मुले कारखान्यांत, कंपन्यांत, बँकांत कामाला आहेत. त्यांतील काहींच्या टेबलावर उद्या अशीच एखादी सही येईल. आपली भविष्य निर्वाह निधीची आणि म्युच्युअल फंडाची पुंजी कुठेतरी गुंतलेली आहे. ती कशात गुंतली आहे, हे आपण कधी विचारलेले नाही. आपण व्याजाचा दर तेवढा विचारतो. चर्चच्या सभागृहाच्या छतावर सौर पत्रे बसवता येतील का, लग्नसमारंभात रात्रभर चालणाऱ्या जनरेटरचे काय करायचे, नवे यंत्र घेताना कमी वीज खाणारे घ्यायचे की केवळ स्वस्त, या गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत. लहान ख्रिस्ती समूहांच्या पुढच्या बैठकीत यावर बोलावे, अशी आमची विनंती आहे. एका धर्मग्रामाने जगाचे हवामान बदलणार नाही, हे आम्हालाही कळते. परंतु विन्हच्या कोळ्यांनीही 'आमच्या ओरडण्याने काय होणार' असा हिशेब केला असता, तर मासळी मरण्याचे कारण कोणी विचारलेच नसते.

त्या मुलाच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही. बूट आता थोडे मळले आहेत, पट्टीवरची अक्षरे पुसट झाली आहेत. ती पुरती पुसली जाण्यापूर्वी घरातील मोठ्यांनी त्याला जवळ बसवून सांगावे, की हे बूट ज्या मुलीने शिवले तिला पगार मिळाला, ही चांगली गोष्ट झाली. आणि ते शिवताना जो धूर झाला, त्यातला थोडा आपल्याही नावावर आहे.